आयोनाचा किनारा : नावांनी जपलेली दुसरी साक्ष

१/ स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य टोकासमोर, जेमतेम दीड किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीपलीकडे, आयोना हे चिमुकले बेट. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर, रुंदी अडीच किलोमीटरच्या आत, वस्ती पावणेदोनशेच्या आसपास. एवढ्याशा भूमीच्या काठावरील घळी, खडक, पुळणी, गुहा आणि होडी ओढून घेण्याजोग्या लहानसहान खाचा यांना स्वतंत्र गेलिक नावे आहेत. हा धागा त्या नावांविषयी आणि ती नावे इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावीत याविषयी.

२/ आयोनाचा लिखित इतिहास मुळीच तुटपुंजा नाही. इ.स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या कोलंबा या संताने येथे मठ स्थापला. पुढची दोन शतके हा मठ उत्तर ब्रिटनमधील विद्येचे एक प्रमुख केंद्र होता. येथील भिक्षूंनी चरित्रे लिहिली, ग्रंथांच्या प्रती केल्या, वर्षवार नोंदी ठेवल्या. पण लेखणी ज्याच्या हाती, त्याचीच बाजू कागदावर उतरते. भिक्षूंनी जे लिहिले नाही त्यातले पुष्कळसे कोळ्यांनी, गुराख्यांनी आणि नावाड्यांनी नावांत ठेवले. दोन्ही साक्षी शेजारी मांडल्या की कथा बरीच बदलते.

३/ आरंभ बेटाच्याच नावापासून करू. स्थानिक गेलिक भाषेत या बेटाचे नाव केवळ एका स्वराचे आहे : ‘ई’. आदराने म्हणायचे तर ‘ई खलुम खिले’, म्हणजे कोलंबाचे ई. (गेलिक उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरत नाहीत; या धाग्यातील लेखन जवळपासचे समजावे.) मग ‘आयोना’ आले कोठून? मठाचा नववा प्रमुख अ‍ॅडम्नान याने सातव्या शतकाच्या अखेरीस कोलंबाचे लॅटिन चरित्र लिहिले. त्यात त्याने बेटाच्या नावाला लॅटिन विशेषणाचे रूप दिले : ‘इओउआ इन्सुला’.

४/ हस्तलिखितांत ‘उ’ आणि ‘न’ या अर्थांची रोमन अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात. पुढच्या काळातील नकलकारांनी ‘इओउआ’चे ‘इओना’ वाचले आणि ते रूढ झाले. या चुकीला एक योगायोगही लाभला. हिब्रू भाषेत ‘योना’ म्हणजे पारवा आणि लॅटिनमध्ये ‘कोलंबा’चाही अर्थ तोच. संताचे आणि बेटाचे नाव एकच, असे वाटू लागले. चूक अर्थपूर्ण दिसली की ती सहसा कोणी दुरुस्त करत नाही. जगाने आयोना स्वीकारले. गेलिक बोलणारे मात्र ‘ई’च म्हणत राहिले.

५/ आता किनाऱ्याकडे येऊ. गेलिकमध्ये किनाऱ्याचे शब्द अतिशय काटेकोर आहेत. ‘पोर्त’ म्हणजे होडी लावण्याची जागा, मग ती चार हात रुंद का असेना. ‘कामस’ म्हणजे आत वळलेला किनारा. ‘त्राय’ म्हणजे पुळण, ‘रुअ’ म्हणजे भूशिर, ‘उअव’ म्हणजे गुहा, ‘स्लोक’ म्हणजे खोल घळ. ‘स्केर’ म्हणजे लाटांत उघडा पडणारा किंवा भरतीला बुडणारा खडक, ‘स्ताक’ म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला सुळका, ‘एलन’ म्हणजे बेट. हे शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्यावरच बरेच अवलंबून आहे.

६/ दक्षिण टोकाला गोट्यांनी भरलेला एक छोटा किनारा आहे : ‘पोर्त ना कुरिख’, कुरखचे बंदर. कुरख म्हणजे लाकडी सांगाड्यावर कातडे ताणून बांधलेली होडी. परंपरा सांगते की कोलंबा आपल्या बारा सोबत्यांसह प्रथम येथेच उतरला आणि परतीचा मोह नको म्हणून त्याने होडी येथेच पुरली. किनाऱ्यावरचा लांबट उंचवटा त्या होडीचाच, असेही सांगतात. अ‍ॅडम्नानच्या चरित्रात हा प्रसंग नाही. होडीच्या आकाराचा उंचवटा आणि होड्यांचे बंदर एकत्र आले, तेव्हा कथेला आधार सापडला.

७/ त्याच दक्षिण भागात उंचावर ‘कार्न कूल रि एरिन’ आहे, म्हणजे ‘आयर्लंडकडे पाठ केलेली दगडांची रास’. कथा अशी की मायभूमी दिसत राहील तेथे राहायचे नाही, असा कोलंबाचा निश्चय होता. या टेकडीवरून आयर्लंड दिसत नाही याची खात्री करून तो थांबला. कथा हृद्य आहे. पण अशाच अर्थाचे नाव शेजारच्या मल बेटावरही आहे आणि तेथे त्याच्या जोडीला ‘अल्बाकडे पाठ केलेली रास’ही आहे. (‘अल्बा’ म्हणजे आजचे स्कॉटलंड.) एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी या जोडीचा संबंध जुन्या सीमारेषेशी लावून पाहिला होता.

८/ येथे स्थलनामांच्या अभ्यासातला पहिला धडा मिळतो. नाव जुने असले म्हणून त्याचे स्पष्टीकरण जुने असतेच असे नाही. अनेकदा नाव आधी असते, मूळ कारण विसरले जाते आणि गावातला सर्वांत प्रसिद्ध पुरुष त्या रिकाम्या जागी येऊन बसतो. आयोनावर तो मान अर्थातच कोलंबाचा. त्यामुळे नावाची साक्ष घेताना ते नाव काय म्हणते आणि लोक त्याविषयी काय सांगतात, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

९/ पश्चिमेचा मोठा वळणदार किनारा ‘कामस कूल अन तैव’ या नावाने ओळखला जातो. त्याचा रूढ अर्थ ‘महासागराच्या पाठीचा उपसागर’. यापुढे थेट अमेरिकेपर्यंत जमीन नाही. नावात ‘पाठ’ आहे, कारण बेटाचे तोंड पूर्वेला, मलच्या बाजूला आहे. मठ, गाव, धक्का, सारे तिकडे. दक्षिणेकडे गेले की ‘उअव अन चेजी’, फुंकणारी गुहा. भरतीच्या लाटा आत कोंडल्या की पाणी तुषारांसह वर उसळते. या नावांत ना संत आहे ना राजा. वारा, पाणी आणि दिशा ओळखणाऱ्या माणसांची ती भाषा आहे.

१०/ या पश्चिम किनाऱ्यालगत ‘माखर’ पसरलेले आहे. शंखशिंपल्यांच्या वाळूवर वाढलेल्या गवताळ सपाट माळाला गेलिकमध्ये माखर म्हणतात. त्याच्या कडेला एक हिरवी टेकडी आहे. अ‍ॅडम्नान लिहितो की कोलंबा एकदा पश्चिमेच्या माळावर एकटाच प्रार्थनेला गेला. एका भिक्षूने चोरून पाहिले, तर शुभ्रवस्त्रधारी देवदूत त्याच्याभोवती जमले होते. त्या टेकडीचे स्थानिक भाषेतील नावही तो देतो : ‘क्नोक आंगेल’, देवदूतांची टेकडी. सातव्या शतकात लिहिले गेलेले आयोनावरचे हे गेलिक नाव आपल्या हाती आहे, हे भाग्यच.

११/ परंपरेने जी टेकडी तीच समजली जाते, तिचे रूढ नाव आज काय आहे? ‘शीहन मोर’, मोठी परीटेकडी. ‘शीहन’ म्हणजे परीसदृश अदृश्य लोकांचे निवासस्थान. थॉमस पेनंट हा प्रवासी १७७२ मध्ये येथे आला, तेव्हा संत मायकेलच्या सणाला लोक आपले घोडे आणून या टेकडीभोवती दौडवतात, असे त्याने नोंदवले. मायकेल हा देवदूतांचा अधिपती. देवदूत जाऊन पऱ्या आल्या, की आधीपासून असलेल्या पऱ्यांवर भिक्षूंनी देवदूत बसवले? क्रम काहीही असो, एकाच उंचवट्यावर दोन श्रद्धा शतकानुशतके शेजारी नांदल्या.

१२/ आता पूर्व किनारा आणि येथील रक्तरंजित पर्व. आयरिश वर्षनोंदी सांगतात : ७९५ मध्ये व्हायकिंग टोळ्या प्रथम आल्या, ८०२ मध्ये मठ जाळला गेला, ८०६ मध्ये मठातील ६८ जण मारले गेले. दुसऱ्याच वर्षी आयर्लंडमधील केल्स येथे नवा मठ उभारण्यास आरंभ झाला. ८२५ मध्ये कोलंबाच्या अस्थींचा ठावठिकाणा सांगण्यास नकार दिल्यामुळे ब्लाथमाक या भिक्षूचा वध झाला. नोंदी त्रोटक आहेत, पण त्यांतले भय आजही जाणवते.

१३/ धक्क्याजवळच्या लहान पांढऱ्या किनाऱ्याचे नाव ‘पोर्त नम मार्तिर’, हुतात्म्यांचे बंदर. ८०६ चे हत्याकांड येथेच झाले, असे प्रवाशांना सांगितले जाते. पण वर्षनोंदीत स्थळ दिलेले नाही. शिवाय जुन्या आयरिशमध्ये याच्याशी मिळताजुळता ‘मार्त्र’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ संतांचे अवशेष, पवित्र अस्थी. या बंदरावर मृतदेह उतरवले जात आणि तेथून ‘स्राज नम माराव’, म्हणजे मृतांच्या वाटेने, ओरान संताच्या दफनभूमीकडे नेले जात. नाव कत्तलीचे नसून अंत्ययात्रेचे असू शकते.

१४/ ईशान्येला ‘त्राय बान नम मानख’, भिक्षूंची पांढरी पुळण. वर्षनोंदींनुसार ९८६ च्या नाताळच्या रात्री डेन लोकांनी मठ लुटला आणि मठाधिपतीसह पंधरा वडीलधाऱ्या भिक्षूंना ठार केले. परंपरेने ही घटना या पुळणीवर नेऊन ठेवली आहे. येथेही नाव फक्त ‘भिक्षूंची’ एवढेच म्हणते. पण येथपर्यंत लिखित साक्ष आणि किनाऱ्याची स्मृती यांचा सूर एकच आहे : समुद्राकडून शत्रू आला. कागदावरची कथा बव्हंशी येथेच थांबते.

१५/ आता पाचव्या क्रमांकातील शब्दांकडे परत यावे. त्राय, रुअ, उअव, कामस, स्लोक हे शब्द अस्सल गेलिक. ‘पोर्त’ लॅटिनमधून आलेला. पण ‘स्केर’? तो नॉर्स भाषेतील ‘स्केर’. ‘स्ताक’ म्हणजे नॉर्स ‘स्टाक्र’. उभ्या कड्यांमधील अरुंद खाडीला गेलिकमध्ये ‘गियो’ म्हणतात. तो नॉर्स ‘ग्याऊ’. बेटासाठीचा साधा, रोजचा शब्द ‘एलन’ हाही बहुतेक अभ्यासकांच्या मते नॉर्समधूनच आलेला. जुना देशी शब्द ‘इनिश’. ज्यांच्या भयाने भिक्षू अस्थी घेऊन पळाले, त्यांच्याच शब्दांनी पुढे किनारा ओळखला जाऊ लागला.

१६/ हे शब्द लुटारूंकडून येऊ शकत नाहीत. रात्री येऊन पहाटे निघून जाणाऱ्याकडून कोणी खडकाचे नाव शिकत नाही. गेलिकमध्ये कॉड माशाला ‘त्रोस्क’ म्हणतात, पाणकावळ्याला ‘स्काराव’, वल्ह्यांच्या लांब जहाजाला ‘बिर्लिन’. तिन्ही शब्द नॉर्स मुळाचे. असे शब्द एका होडीत बसल्यावर येतात : एकाने सुकाणू धरले, दुसऱ्याने जाळे ओढले आणि पुढे खडक आहे असे ओरडून सांगावे लागले तेव्हा. त्यामागे मासेमारीची भागीदारी आहे, सोयरिकी आहेत आणि दोन्ही भाषा ऐकत वाढलेली मुले आहेत.

१७/ भोवतालच्या बेटांची नावेही हेच सांगतात. दक्षिणेचे सोआ म्हणजे नॉर्समध्ये मेंढ्यांचे बेट. उत्तर टोकापाशी काल्व्हा, म्हणजे वासरू. मोठ्या बेटालगतच्या पिल्लासारख्या बेटाला नॉर्स दर्यावर्दी हे नाव देत. त्याहून उत्तरेला षट्कोनी खांबांसारख्या बेसॉल्टसाठी प्रसिद्ध असलेले स्टाफा, म्हणजे खांबांचे बेट. गेलिक भाषकांनी ही नावे अर्थ उरला नाही तरी जिभेवर ठेवली. नाव देणारे आणि ते पुढे नेणारे यांच्यात संपर्क अखंड राहिला असेल, तरच असे घडते.

१८/ या निष्कर्षाला दगडाचा आणि कागदाचाही दुजोरा आहे. आयोनावर नॉर्स रून लिपीतील एक क्रूसांकित थडग्याचा दगड सापडला आहे : ओल्व्हिरचा मुलगा काली याने आपला भाऊ फुग्ल याच्यासाठी तो बसवला. डब्लिनचा नॉर्स राजा ओलाफ कुआरान ९८० मध्ये ताराच्या लढाईत पराभूत झाल्यावर प्रायश्चित्तासाठी आयोनाला आला आणि येथेच वारला. म्हणजे ९८६ च्या त्या नाताळच्या रात्री मठ लुटणारे समुद्रावरून आले, तेव्हा त्याच उत्तरेच्या वंशाचा एक राजा या मठाच्या आश्रयाने देह ठेवून गेलेला होता.

१९/ पुढे १०९८ मध्ये नॉर्वेचा राजा मॅग्नस हेब्रिडीज बेटे जिंकत निघाला. सागा सांगते की आयोनावर मात्र त्याने सर्वांना अभय दिले. कोलंबाच्या लहान देवळाचे दार उघडले, पण आत पाऊल टाकले नाही. ही बेटे १२६६ च्या पर्थ तहापर्यंत नॉर्वेच्या सत्तेखाली होती. गेलिकमध्ये हेब्रिडीजचे जुने नाव आहे ‘इन्शे गाल’, परक्यांची बेटे. ते परके कालांतराने गेलिक बोलू लागले, ख्रिस्ती झाले, घरचे झाले. नाव तेवढे राहिले.

२०/ एक पथ्य पाळायला हवे. उसना शब्द केव्हा आला हे तो शब्द स्वतः सांगत नाही. ‘स्केर’ असलेले प्रत्येक नाव नवव्या शतकातले नव्हे. शब्द एकदा गेलिक झाला की चारशे वर्षांनंतरचा कोळीही त्याने नवे नाव घडवू शकतो. शिवाय आयोनाच्या काठावरील येथे आलेली नावे घडणीने गेलिकच आहेत. संपूर्ण नॉर्स नावे पाहिली ती शेजारच्या बेटांची. त्यामुळे नावांवरून ‘किती लोक येऊन वसले’ असे गणित मांडता येत नाही. एकमेकांचे बोलणे समजावे इतके ते निकट होते, एवढे मात्र निश्चयाने म्हणता येते.

२१/ ही नावे कागदावर आली ती बरीच उशिरा. आयरिश विद्वान विल्यम रीव्हज याने १८५७ मध्ये अ‍ॅडम्नानच्या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली आणि तिच्यात आयोनाच्या स्थलनामांची यादी व नकाशा दिला. १८४६ मध्ये बटाट्याचे पीक कुजून उपासमार आणि स्थलांतर सुरू झाल्याला तेव्हा दशकच लोटले होते. नंतर १८६८ ते १८७८ या काळात सरकारी भूमापन खात्याने आर्गाइल परगण्याच्या नामवह्या भरल्या. त्यांत नाव, त्याची निरनिराळी लेखने आणि ती कोणाच्या साक्षीने घेतली, असे रकाने होते. साक्षीदार बहुधा पाद्री, शिक्षक, जमीनदार. कोळ्याची साक्ष घेतली जाण्याचा संभव त्या मानाने कमी.

२२/ बाहेरचा माणूस नाव टिपतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण स्टाफावर आहे. तेथील मोठ्या गुहेचे गेलिक नाव ‘अन उअव विन’, सुस्वर गुहा. आत लाटांचा नाद घुमतो म्हणून. १७७२ मध्ये जोसेफ बँक्स तेथे गेला. त्या काळी जेम्स मॅकफर्सनच्या काव्यामुळे फिंगल हा पुराणवीर युरोपभर गाजत होता. ‘विन’ या विशेषणाचा आणि वीराच्या गेलिक नावाचा उच्चार जवळचा. बँक्सच्या वृत्तांताने गुहा ‘फिंगलची’ झाली. १८२९ मध्ये तेथे आलेल्या मेंडेल्सनच्या संगीतरचनेनंतर ते नाव पक्केच झाले. त्या नावातून गुहेचा नाद मात्र पुसला गेला.

२३/ स्कॉटलंडमध्ये १८९१ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. २०११ मध्ये सुमारे ५७ हजार. पण किनाऱ्याची नावे विरण्याला भाषेच्या घसरणीखेरीज दुसरेही कारण आहे : काम संपणे. वल्ह्याची होडी गेली की दर शंभर पावलांवरचे ‘पोर्त’ निरुपयोगी होते. खतासाठी समुद्रशेवाळ गोळा करणे थांबले की ते ज्या घळीतून वर आणायचे तिचे नाव घेण्याचा प्रसंगच येत नाही. ग्लासगो विद्यापीठातील अभ्यासकांनी अलीकडे आयोनाची नावे जुने नकाशे, कागदपत्रे आणि बेटावरील लोकांच्या आठवणी यांतून एकत्र करण्याचे काम हाती घेतले, ते म्हणूनच मोलाचे.

२४/ या नावांतून हाती काय लागते? केवळ वर्षनोंदी वाचल्या तर आयोना म्हणजे भिक्षू आणि लुटारू यांची कथा. त्या खोट्या नाहीत. ६८ माणसे खरोखरच मेली. पण कत्तल एका दिवसात होते आणि लेखकाला दिसते. सलोखा पिढ्यान्‌पिढ्या होत राहतो. तो घडत असताना कोणाला त्याची नोंद करावीशी वाटत नाही. आयोनाभोवतीच्या त्या दीर्घ, अबोल सलोख्याचा मोठा पुरावा एवढाच : भरतीला बुडणारा खडक दाखवून गेलिक बापाने मुलाला सांगितले, जपून, पुढे ‘स्केर’ आहे. तो शब्द कोणाचा, हे विचारण्याचे कारण तोवर उरले नव्हते.